वर्षाची बेगमी



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो काही नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांना तो पाठ होता. आपण मात्र तो थोडा विसरत चाललो आहोत. विषय आहे घरातल्या वर्षाच्या धान्याचा, म्हणजे बेगमीचा. सध्या वैशाखाचं ऊन तापतं आहे. ज्वारी, गहू, हरभरा खळ्यावरून घरी आलेला आहे आणि मिरगाला अजून महिनाभर अवकाश आहे. वर्षभर टिकेल असं धान्य ठेवायचं तर त्याची सगळी तयारी या महिन्याभरातच व्हायला हवी. एकदा मिरगाच्या सरी पडू लागल्या, की मग वाळवण होत नाही. म्हणून मुद्दाम आजच हा विषय काढला आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातला. तीसएक वर्षं खेड्यांतल्या शाळांमधून मास्तरकी केली. मास्तराला गावातल्या घरांची परिस्थिती पोरांच्या भाकरीवरून कळते. १९७८ च्या सुमाराला मी नोकरीला लागलो. शाळेत खिचडी शिजायला लागली त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. आषाढ लागला, की काही पोरांच्या फडक्यातल्या दोन भाकरींची एक होई. एखादं पोर मधल्या सुटीत सगळ्यांबरोबर झाडाखाली न बसता हळूच आडाकडे पाणी प्यायला जाई आणि घंटा होईपर्यंत तिकडेच थांबे. दुष्काळाचं साल नव्हे बरं का. पीक चांगलं आलेल्या सालीसुद्धा हे दिसे. मला कोडं पडे, की माघ-फाल्गुनात ज्याच्या खळ्यावर ज्वारीची रास मी डोळ्यांनी पाहिली, त्याच्या घरात आषाढात भाकरीची वानवा का असावी?

उत्तर हळूहळू कळत गेलं. रास पडली की देणेकरी दारात उभा राही. दुकानाची उधारी, खताचं देणं, घरातलं एखादं लगीन. मग पोती भरायची ती थेट बाजाराच्या गाडीवरच. सगळ्या मुलखाचा माल त्याच पंधरवड्यात बाजारात आलेला, तेव्हा भाव पडलेला. आषाढात घरातलं मडकं रिकामं झालं, की तोच शेतकरी तीच ज्वारी चढ्या भावानं विकत आणणार. आणि हातात पैसा नसेल तर? तर दिढीनं आणणार. दिढी म्हणजे काय ते तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. आज दोन पोती न्यायची आणि सुगीला तीन परत घालायची. आषाढ ते माघ, सात महिन्यांत दोनाची तीन. कोणी दयाळू असला तर सवाई घेई. त्या तिसऱ्या पोत्यातली ज्वारी याच्याच रानात पिके, याच्याच बायकामुलांनी ती काढलेली असे, आणि ती याच्या घराचा उंबरा न ओलांडता खळ्यावरूनच दुसऱ्याच्या वाड्यात जाई. पुढच्या आषाढात मडकं पुन्हा रिकामं.

गरजवंताला अक्कल नसते, असं आपण म्हणतो. पण खरं सांगायचं तर त्याला अक्कल असते, सवड नसते. घरात तीन महिन्यांचं धान्य असेल तर माणूस भावासाठी थांबू शकतो, नाही म्हणू शकतो, मजुरीचा दर ठरवताना दोन शब्द बोलू शकतो. बेगमीची खरी किंमत या सवडीत आहे.

आता आपण म्हणाल, "मास्तर, ते दिवस गेले. आता रेशन आहे, गावात दुकान आहे, रस्ता आहे." कबूल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि तो मोठाच आधार आहे. पण माणसाला महिन्याला लागतं त्याहून ते कमी आहे, हेही तितकंच खरं. शिवाय मार्च २०२० मधले दिवस आठवा. टाळेबंदी झाली, गाड्या थांबल्या, बाजार थांबले आणि पुण्या-मुंबईला गेलेली मुलंबाळं पायी, ट्रकनं, मिळेल त्या वाटेनं गावी परतली. सहा माणसांच्या घरात एकदम अकरा पानं मांडावी लागली. ज्या घरात कोठी भरलेली होती, तिथल्या बाईनं एवढंच म्हटलं, "आलात का? बसा जेवायला." ज्या घरात आठवड्याच्या बाजारावर चूल चालायची, तिथं लेक आल्याच्या आनंदाबरोबरच काळजीही आली.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बेगमी म्हणजे साठेबाजी नव्हे. घरच्या तोंडांना पुरेल इतकं सुगीत ठेवणं ही बेगमी. टंचाईची वाट पाहत, विकण्यासाठी माल दडवणं ही साठेबाजी. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याकडे घरोघर सांगतात, ती त्यांनी कोठार भरलं म्हणून नव्हे, तर दुष्काळात ते उघडलं म्हणून.

तेव्हा आता हिशेबाला बसू. पाच माणसांचं घर धरा. लहानथोर मिळून माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरलं, तर रोजचे झाले २ किलो, महिन्याचे ६० किलो आणि वर्षाचे ७३० किलो. म्हणजे सव्वासात क्विंटलच्या थोडं वर. डाळ-कडधान्य माणशी ६० ग्रॅम धरलं तर रोज ३०० ग्रॅम, वर्षाला सुमारे ११० किलो. रेशनचं धान्य पाच माणसांना महिन्याला २५ किलो मिळत असेल, तर ६० मधून २५ गेले, ३५ उरले. वर्षाचे झाले ४२० किलो. एवढी घरची जबाबदारी.

हा आकडा ऐकून कोणी घाबरू नये. सगळी बेगमी पहिल्याच वर्षी होत नाही. पहिल्या साली फक्त तीन महिन्यांची करा: आषाढ, श्रावण, भाद्रपद. रेशन वजा जाता ती होते १०५ किलो, म्हणजे ५० किलोची दोन पोती आणि वर थोडं. पुढच्या साली सहा महिन्यांची. ज्यांना रान नाही, मजुरीवर घर चालतं, त्यांनी सुगीत हाताला काम असतं तेव्हा बाजारहाटात थोडं जास्तीचं घ्यावं. रोज सकाळी दळणातून एक मूठ धान्य वेगळ्या डब्यात टाकायची सवय कित्येक बायका पाळतात. मुठीत ५० ग्रॅम बसले तरी वर्षाला १८ किलो होतात. बचत गटाच्या भगिनींनी मनावर घेतलं तर गटाचीही एक कोठी होऊ शकते. तेलंगणात झहीराबादच्या बाजूला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधल्या गरीब शेतकरी बायकांनी १९९० च्या दशकात, गावचं धान्य गावातच साठवून गावातल्या गरजूंना देण्याची व्यवस्था उभी केली. कोरडवाहू मुलूख, ज्वारीचं पीक. आपल्यासारखाच तो भाग आहे.

धान्य घरात आलं म्हणजे काम संपलं, असं नाही. खरं काम तिथून सुरू होतं. साठवलेल्या धान्याचे शत्रू चार: ओल, बुरशी, कीड आणि उंदीर. यांत ओल सगळ्यांत वाईट, कारण बाकीच्यांना ती बोलावून आणते. धान्याचा दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. कोरडा दाणा अगदी संथ श्वास घेतो. ओला दाणा धापा टाकतो, आणि त्यातून ऊब सुटते. ओलं राहिलेल्या पोत्यात हात खुपसून पाहा, आत ऊबदार लागेल. मग बुरशी धरते, कीड माजते.

बुरशीला कोणी हलक्यात घेऊ नये. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल या जिल्ह्यांत जे घडलं ते मी मुद्दाम सांगतो. मक्याच्या काढणीच्या सुमाराला अवेळी पाऊस लागला. तो मका पुरता न वाळता आदिवासी बांधवांच्या घरांत साठवला गेला. त्यावर बुरशी आली. दुसरं धान्य नव्हतं, म्हणून तोच खाल्ला गेला. माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं, आणि शंभरावर माणसं दगावली. गावातली कुत्रीसुद्धा त्याच दुखण्यानं गेली. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. भाजलं, शिजवलं तरी ते पुरतं नाहीसं होत नाही. मका आणि भुईमूग यांना त्याचा धोका जास्त. तेव्हा हिरवट-काळी बुरशी धरलेला, कुबट वास मारणारा दाणा धुऊन, वाळवून "चालवून घेऊ" असं म्हणू नका. टाकून द्या, आणि तो जनावरापुढेही टाकू नका.

मग धान्य वाळलं हे ओळखायचं कसं? जुनी परीक्षा दातांची. ज्वारीचा किंवा गव्हाचा दाणा दाताखाली धरून फोडावा. कट् असा आवाज होऊन तुकडे झाले, तर वाळला. दबला, चपटा झाला, तर त्याला आणखी ऊन दाखवा. दुसरी परीक्षा मिठाची, आणि ती शिक्षकांनी वर्गात जरूर करून दाखवावी. काचेची कोरडी बाटली घ्यावी. तिचा तिसरा हिस्सा धान्यानं भरावा. तव्यावर गरम करून कोरडं केलेलं, मग निवलेलं मीठ दोन-तीन चमचे आत घालावं. झाकण लावून मिनिटभर चांगलं हलवावं आणि थोडा वेळ ठेवावं. मीठ काचेला चिकटलं, तर धान्यात शेकडा १५ हून जास्त ओल आहे असं समजावं. मीठ मोकळं खाली बसलं तर ओल त्याहून कमी. वर्षभराच्या साठवणीसाठी मात्र तेवढ्यावर थांबू नये. धान्यातली ओल शेकडा १२ च्या आत आणि कडधान्यातली १० च्या आत असली पाहिजे. म्हणून मिठाच्या परीक्षेत पास झालेल्या धान्यालाही आणखी दोन उन्हं द्यावीत.

वाळवताना धान्य ताडपत्रीवर किंवा सारवलेल्या, पुरत्या वाळलेल्या खळ्यावर पातळ पसरावं आणि अधूनमधून पायानं किंवा दाताळ्यानं फिरवावं. आणि एक चूक हमखास होते ती टाळावी. संध्याकाळी उन्हातलं गरम धान्य तसंच कोठीत ओतू नये. आत वाफ धरते, झाकणाखाली घाम सुटतो, आणि चार दिवसांच्या उन्हाची मेहनत वाया जाते. धान्य सावलीत निवू द्यावं, मग भरावं.

आता कीड. दर पावसाळ्यात घरोघर एकच वाक्य ऐकू येतं: "धान्य चांगलं निवडून भरलं होतं, मग हे सोंडे आले कुठून?" ते आतूनच आले. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून त्यात अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. दाणा वरून धडधाकट दिसतो. आत अळी दाणा खात वाढते, आणि किडा बाहेर पडतो तेव्हाच आपल्याला भोक दिसतं. एक मादी तीन-चारशे अंडी घालते आणि पावसाळी दमट हवेत महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी तयार होते. मिरगाला दहा किडे असले तर गणपतीपर्यंत काय होईल, याचा गुणाकार पोरांनी करून पाहावा.

ही पहिली दहा येतात कुठून? पुष्कळदा मागच्या सालच्या धान्यातून. कोठीच्या तळाशी राहिलेली मूठभर जुनी ज्वारी, पोत्याच्या शिवणीत अडकलेले दाणे, कणगीच्या भेगा. म्हणून नवं धान्य जुन्यावर कधीही ओतू नये. कोठी रिकामी करावी, झाडावी, उन्हात उलटी ठेवावी. पोती उलटी करून उकळत्या पाण्यातून काढावीत आणि कडक वाळवावीत. कणगी असेल तर भेगा बुजवून शेणमातीनं नव्यानं लिंपावी आणि लिंपण खडखडीत वाळल्यावरच भरावी.

साठवायचं कशात, हा पुढचा प्रश्न. आमच्या भागात आणि मराठवाड्यात पूर्वी पेवं असत. पांढरीतल्या उंच, घट्ट मुरमाड जागी विहिरीसारखा खड्डा घ्यायचा. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र ऐसपैस. आतून कडब्याचा थर लावायचा, ज्वारी भरायची, वर भूस, त्यावर शिळा आणि माती. आमच्या चुलत आजोबांचं पेव उघडताना मी लहानपणी पाहिलं आहे. तोंड उघडलं आणि सगळे लांब सरकून बसले. शेजारचा एक तरणाबांड गडी उतावीळ झाला आणि आत पाय सोडून बसला. आजोबांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि अशी एक शिवी हासडली, की ती मला इथं सांगता येणार नाही. मग त्यांनी पेटता कंदील दोरीनं आत सोडला. कंदील विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला तेव्हा तो जळत राहिला, आणि मगच माणूस आत उतरला. ज्या हवेत कंदील जळत नाही, तिथं माणूसही जगत नाही, हे त्या पिढीला ठाऊक होतं. उघडल्या उघडल्या पेवात उतरून माणसं मेलेली आहेत.

पण त्या विझलेल्या कंदिलातच पेवाचं गुपित होतं. बंद पेवात धान्य आणि त्यातले किडे श्वास घेतात, आतला प्राणवायू संपतो आणि किडे गुदमरून मरतात. कोणतंही औषध नाही, पूड नाही. पेवाची उणीव एवढीच, की जमिनीची ओल कडेच्या धान्याला लागे. त्या ज्वारीला पिवळसर रंग आणि वास येई. दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं कच्च्या विटांच्या दोन भिंतींमध्ये प्लास्टिकचा कागद घालून केलेली ‘पुसा कोठी’ काढली, ती हीच ओल आणि हवा अडवण्यासाठी. आणि आज बाजारात हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचं तत्त्वही आमच्या आजोबांच्या पेवाचंच आहे.

ही पिशवी साध्या पोत्याच्या आत घालावी, कोरडं धान्य भरावं, वरून दाबून हवा काढावी, तोंड पिळून बांधावं, दुमडून पुन्हा बांधावं. नंतर निदान महिनाभर ती सोडू नये. रोज सोडबांध केली तर हवा आत जाते आणि तिचा उपयोग राहत नाही. म्हणून धान्याचे भाग पाडावेत. मोठा साठा लहान लहान पिशव्यांत बंद, आणि महिन्याच्या खर्चाचं वेगळ्या डब्यात. पत्र्याची कोठी असेल तर ती गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे आत हवा थोडी राहते, आणि झाकणाची फट चिकटपट्टीनं किंवा मातीनं बंद करावी. कोठी असो की पोती, खाली फळी किंवा विटा हव्यात आणि भिंतीपासून हातभर अंतर हवं. म्हणजे भिंतीची ओल लागत नाही, आणि मागून उंदरानं काय उद्योग केला तेही दिसतं. उंदीर खातो त्याहून जास्त नासवतो, आणि त्याच्या मुतातून लेप्टोसारखा आजार पसरतो. प्लास्टिकची पिशवी तो सहज कुरतडतो, एवढं लक्षात ठेवून ती पत्र्याच्या पिंपात ठेवता आली तर उत्तम.

आता औषधांविषयी थोडं कडक बोलतो, माफ करा. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात आणू नका. हवेतल्या ओलीनं त्यांतून जो वायू सुटतो, तो किड्याला मारतो तसा बंद खोलीत निजलेल्या माणसालाही मारतो. ते काम मोठ्या गोदामातलं आणि शिकलेल्या माणसांचं. पाऱ्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्याही नकोत, पारा हे विषच आहे. बोरिक पावडर तांदळाला, डाळीला चोळण्याची चाल पुष्कळ घरांत आहे, तीही सोडावी. धुतल्यानं सगळी जाते अशी खात्री कोण देणार? आणि घरातलं लेकरू तेच खातं. पेरणीचं औषध लावलेलं बियाणं खाण्याच्या धान्याजवळसुद्धा ठेवू नका. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवून घाला. ओला पाला घातला तर आपणच धान्याला ओल देतो. आणि पाला घातला म्हणजे वाळवण टळलं, असं मात्र नाही.

कोणता जिन्नस कोणत्या रूपात ठेवावा, हेही महत्त्वाचं आहे. पीठ करून ठेवू नका, दाणा ठेवा. बाजरीचं पीठ तर थोड्या दिवसांत कडू होतं. तांदळापेक्षा टरफलासकट भात जास्त टिकतं. अख्ख्या तुरीला, मुगाला, हरभऱ्याला भुंगा लवकर लागतो, डाळीला त्या मानानं कमी. म्हणून तुरीची डाळ करून ठेवण्याची आपल्या बायकांची रीत शहाणपणाची आहे. अख्खं कडधान्य ठेवायचंच तर दहा किलोला ५० मिलिलिटर, म्हणजे लहान कपाचा अर्धा, गोडं तेल हातानं सगळीकडे चोळावं. भुईमूग शेंगांतच ठेवावा. कांदा उन्हाळी असेल तरच साठवावा, आणि त्याला मात्र हवाबंद नव्हे तर हवेशीर जागा लागते. कोठीतला न्याय कांद्याला लावू नये.

कोकणातल्या भगिनींना हे सगळं सांगणं म्हणजे पिकवणाऱ्यालाच भात विकण्यासारखं आहे. त्यांची आगोटीची तयारी वाखाणण्यासारखी असते. आमसुलं, आंबोशी, फणसाच्या तळाच्या आठळ्या, सुके बोंबील, सोडे, मसाला, लाकूडफाटा. सगळं पावसाआधी घरात. देशावर आपल्याकडे कुरडया, सांडगे, शेवया, पापड, चिंच, तिखट, खानदेशात बिबड्या. नुसत्या भाकरीवर वर्ष निघत नाही. भाजी न मिळणाऱ्या दिवसांत सांडग्याचं कालवण असलं, तरच ती भाकरी घशाखाली उतरते.

आणि शेवटचा नियम, जुनं आधी आणि नवं मागून. प्रत्येक पिशवीवर, डब्यावर खडूनं महिना आणि साल लिहावं. हे काम घरातल्या शाळकरी पोराकडे द्यावं. पंधरवड्यातून एकदा उघड्या डब्यात हात घालून ऊब, वास आणि किडा पाहावा. कुठं बिघाड दिसला तर ते धान्य त्याच दिवशी वेगळं काढावं. आपण बहुधा किडा दिसल्यावरही "रविवारी बघू" म्हणतो, आणि रविवारपर्यंत तो थांबत नाही.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी एक विनंती आहे. शाळा सुरू झाल्यावर दोन बाटल्या घ्या. एकीत कडक वाळलेली ज्वारी, दुसरीत पाण्याचा हबका मारलेली. दोन्ही बंद करून खिडकीत ठेवा आणि पोरांना रोज पाहून वहीत लिहायला सांगा. ओल्या बाटलीचं झाकण मात्र कोणी उघडू नये. शेवटी ती तशीच पुरून टाकावी. मग प्रत्येक पोराला आपल्या घरचा हिशेब मांडायला लावा. माणसं किती, रोज किती लागतं, वर्षाला किती. त्रैराशिक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालं नाही. मात्र घरात किती धान्य आहे, हे वर्गात कोणाला मोठ्यानं विचारू नका. ज्याच्या घरी नाही, त्याला ते सांगायला लावू नये.

आता एकच आठवण सांगून पुरं करतो. १९७२ च्या दुष्काळात मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. पुढच्या उन्हाळ्यात गावाबाहेर खडीचं काम निघालं, तिथं आई आणि मी खडी फोडायला जात असू. तिथं सुकडी मिळे. घरी बाहेरून आलेल्या मिलोच्या तांबड्या भाकरी. आमच्या आजीच्या खोलीत कोपऱ्यात एक मडकं होतं, तोंडाला फडकं बांधून वर शेणमाती लिंपलेलं. त्यात ज्वारीचं बियाणं होतं, शाळूचं. माझा धाकटा भाऊ एकदा रात्री उपाशी झोपेना. आई त्या मडक्यापाशी गेली आणि लिंपणावर हात ठेवून उभी राहिली. आजी अंथरुणावरून म्हणाली, "पोरी, ते फोडलंस तर आज एक भाकर होईल. पुढं काय पेरशील?" मग आजीनं स्वतःच्या वाटणीची उरलेली चतकोर काढून दिली. ते मडकं फुटलं नाही. १९७३ साली पाऊस झाला, आणि आमच्या रानात त्याच बियाण्याची पेरणी झाली.

मोठा झाल्यावर मी या गोष्टीचा पुष्कळदा विचार केला. आजीच्या धीराचं कौतुक वाटतंच. पण एका म्हातारीला आपल्या तोंडचा घास काढून बियाणं राखावं लागलं, कारण बियाण्याच्या मडक्याशेजारी खाण्याचं मडकं केव्हाच रिकामं झालं होतं. तशी वेळ कुठल्याही घरावर येऊ नये, म्हणून हे सगळं सांगितलं.

मिरगाला महिना आहे. या आठवड्यात कोठी रिकामी करून उन्हात ठेवा. पुढच्या आठवड्यात धान्याला ऊन द्या. तिसऱ्या आठवड्यात भरा, बांधा, वर तारीख घाला. यंदा दोनच पोती झाली तरी चालतील, पण ती दोन पोती आषाढात तुमच्याच घरात असू द्या.